वऱ्हाडच्या वेशीवरून परतलेला सेनापति

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांत, संग्रामपूर तालुक्यांत, वरवट बकाल नांवाचें एक गांव आहे. गांवाबाहेर उभें राहून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे कापसाच्या व ज्वारीच्या शेतांपलीकडे सातपुड्याची निळसर ओळ दिसते. त्या ओळीमागें तापीचें खोरें, त्यामागें नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे तो सारा मुलूख, ज्याला पेशवाईंतील माणसें नुसतें 'हिंदुस्थान' म्हणत. वऱ्हाडच्या माणसाला उत्तरेचा दरवाजा म्हणजे हे डोंगर. ह्या दरवाजाच्या आंतल्या बाजूस, येथून पूर्वेला जवळच, अडगांवचें रणक्षेत्र आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं तेथें आर्थर वेल्स्लीनें नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबर रोजीं गाविलगडही इंग्रजांच्या हातीं गेला.

त्या लढाईनंतर पंचावन्न वर्षांनीं, पुन्हां नोव्हेंबर महिन्यांतच, ह्या दरवाजाच्या बाहेरच्या बाजूस एक मराठी सेनापति येऊन उभा राहिला होता. पेशव्यांचें निशाण घेऊन तो नर्मदा उतरला होता आणि दक्षिणेंत शिरण्याची वाट शोधीत होता. जन्मानें तो नाशिक जिल्ह्यांतील येवल्याचा. लहानपणींच वडिलांबरोबर त्यानें महाराष्ट्र सोडला होता. चाळीस वर्षांनंतर तो घराच्या दिशेनें येत होता. परंतु दरवाजा उघडला नाहीं. तो पश्चिमेकडे वळून निघून गेला आणि पांच महिन्यांच्या आंत शिप्री येथें फांसावर चढला. हा सेनापति म्हणजे तात्या टोपे. त्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो कोणत्या जातीचा सेनापति होता आणि आपल्या दारापर्यंत येऊन तो रिकाम्या हातानें कां परतला, ह्या प्रश्नांकडे आपण वऱ्हाडकर मंडळी सहसा वळत नाहीं. आज त्यांचाच विचार करावयाचा आहे.

तात्याचें मूळ नांव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. जन्म इ. स. १८१४ च्या सुमारास झाला. १८१८ सालीं दुसरा बाजीराव सर जॉन मालकमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लक्षांच्या नेमणुकीवर गंगाकांठीं ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, राहावयास गेला. त्याच्याबरोबर जी आश्रित मंडळी गेली तींत तात्याचे वडील होते. तात्या वाढला तो ह्या पदच्युत दरबारांत. तेथें मानमरातब होता, परंतु सत्ता नव्हती. खलिते लिहिले जात, परंतु त्यांमागें फौज नव्हती. 'टोपे' हें उपनांव बाजीरावानें दिलेल्या मानाच्या टोपीवरून पडलें असें कोणी म्हणतात, तोफखान्यावरून पडलें असें दुसरे म्हणतात. नानासाहेब, तात्या आणि पुढें झांशीची राणी झालेली मनू हीं तिघें एकत्र खेळलीं-बागडलीं अशी एक गोड कथा आपण ऐकतों. परंतु राणीच्या जन्माचें कोणतेंही साल धरलें तरी तात्या तिच्याहून निदान दहा-बारा वर्षांनीं वडील ठरतो. तेव्हां ही कथा कथा म्हणूनच ठेवलेली बरी.

बिठूरचें राजकारण हें सारें अर्जविनंत्यांचें राजकारण होतें. २८ जानेवारी १८५१ रोजीं बाजीराव वारला आणि त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब ह्यांना ती नेमणूक पुढें चालविण्याचें कंपनी सरकारनें नाकारलें. कलकत्त्यास अर्ज गेले, ते फेटाळले गेले. अजीमुल्लाखान विलायतेपर्यंत जाऊन हात हलवीत परत आला. ह्या सर्व काळांत तात्या नानासाहेबांच्या पदरीं होता, त्यांच्या विश्वासांतला माणूस म्हणून. माणसांचीं मनें ओळखणें, निरोप पोंचविणें, धन्याचा शब्द राखणें, हें त्याचें शिक्षण. जून १८५७ मध्यें कानपूरच्या पलटणी उठल्या आणि नानासाहेबांनीं त्यांचें पुढारीपण पत्करलें, तेव्हां तात्याचें वय सुमारें त्रेचाळीस वर्षांचें होतें. ज्या वयांत शिपाई निवृत्तीचा विचार करूं लागतो, त्या वयांत हा दरबारी गृहस्थ सेनापति झाला.

श्रोतेहो, राजकारणी माणसाच्या हातीं एकाएकीं सैन्य येणें ही गोष्ट वाटते तितकी विरळा नाहीं. तात्याच्या मृत्यूनंतर बरोबर दोन वर्षांनीं, एप्रिल १८६१ मध्यें, अमेरिकेंत उत्तर आणि दक्षिण ह्यांचें यादवी युद्ध पेटलें. त्या वेळीं संयुक्त संस्थानांचें कायम सैन्य सोळा हजारांच्या आसपास होतें. अध्यक्ष लिंकन ह्यानें तेव्हां विधिमंडळांतील व पक्षांतील कितीएक पुढाऱ्यांना सेनापतिपदाचीं वस्त्रें दिलीं. इलिनॉयचा प्रतिनिधि जॉन लोगन, मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर नथॅनिएल बँक्स, वकिली करून राजकारणांत शिरलेला बेंजामिन बटलर, हे त्यांपैकींच. लष्करी विद्यालयांत शिकलेले अधिकारी त्यांस हंसत; परंतु लिंकनचा हिशेब निराळा होता. असा प्रत्येक पुढारी आपल्यामागून हजारों माणसें युद्धांत आणीत होता.

ह्या मंडळींचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. बँक्सनें १८६२ सालीं शेनँडोआच्या खोऱ्यांत इतकी रसद शत्रूच्या हातीं पडूं दिली कीं शत्रूचे शिपाई थट्टेनें त्याला आपला कोठावळा म्हणूं लागले. लोगन मात्र लढतां लढतां खरा सेनानी बनला. बटलरनें मे १८६१ मध्यें फोर्ट मन्रो येथें एक वकिली निर्णय दिला: शत्रूकडून पळून आलेले गुलाम ही जर शत्रूच्या मतें मालमत्ता, आणि तिचा उपयोग जर तो युद्धासाठीं करीत आहे, तर ती जप्त करावयाची, परत द्यावयाची नाहीं. रणांगणावरील कित्येक विजयांपेक्षां ह्या एका युक्तिवादानें गुलामगिरीचा पाया अधिक खचला. तात्पर्य, राजकारणी सेनापतीचें मोजमाप करतांना दोन प्रश्न विचारावे लागतात. त्यानें सैन्य किती जमविलें हा एक. आणि जमविलेलें सैन्य त्याला लढवितां आलें कीं नाहीं हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाला तात्यानें दिलेलें उत्तर थक्क करणारें आहे. ग्वाल्हेरची कंटिंजंट फौज ही त्या काळच्या उत्तम कवायती फौजांपैकीं एक. ती जून १८५७ मध्यें उठली खरी, परंतु महिनोन्महिने ग्वाल्हेरजवळच स्वस्थ बसून राहिली. शिंद्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे ह्यांनीं पगाराच्या आणि आश्वासनांच्या दोरीनें तिला बांधून ठेविलें होतें. येथें सामना पडला तो दोन मराठी मुत्सद्द्यांचा. नानासाहेबांतर्फे तात्या मोरारच्या छावणींत गेला आणि ही फौज फोडून काल्पीस घेऊन आला. त्यासाठीं त्याला एकही गोळी झाडावी लागली नाहीं. पुढें १ जून १८५८ रोजीं ह्याच कौशल्याची पुनरावृत्ति झाली. काल्पी पडली होती, फौज विसकटली होती, इंग्रजांना वाटत होतें कीं आतां संपलें. अशा वेळीं राणी लक्ष्मीबाई, नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब आणि तात्या हीं ग्वाल्हेरवर चालून गेलीं, तों शिंद्यांचें जवळजवळ सारें सैन्य समोरून येऊन त्यांना मिळालें. जयाजीराव शिंद्यांना आग्र्यास पळावें लागलें. तत्पूर्वीं तात्यानें ग्वाल्हेरांत गुप्तपणें जाऊन सैनिकांची मनें चांचपून ठेविलीं होतीं, असें इतिहासकार सांगतात. हताश झालेल्या माणसांच्या हातीं एका दिवसांत एक किल्ला, एक खजिना आणि एक तोफखाना आला.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र इतकें सुखाचें नाहीं. नोव्हेंबर १८५७ च्या २६ पासून २८ तारखेपर्यंत कानपूरजवळ तात्यानें जनरल विंडहॅमला मागें रेटीत मोर्चांत कोंडलें. इंग्रज सेनापतीला अशा रीतीनें हटविणें हें त्या युद्धांत फारसें कोणाला साधलेलें नव्हतें. परंतु गंगेवरचा होड्यांचा पूल तसाच राहिला. लखनौहून धांवत आलेला सर कॉलिन कँपबेल त्याच पुलावरून कानपुरांत शिरला आणि ६ डिसेंबर रोजीं त्यानें तात्याच्या फौजेची दाणादाण केली. रणांगणांत वाढलेल्या माणसानें पहिल्यानें तो पूल पाहिला असता. झांशीच्या सुटकेसाठीं तात्या सुमारें वीस हजार माणसें घेऊन बेटवेवर आला. सर ह्यू रोझनें वेढा न उठवितां, दीड हजारांच्या आसपास माणसें घेऊन १ एप्रिल १८५८ रोजीं त्याला गांठलें. तात्याची पहिली फळी दोहों बगलांवर मार बसतांच मागें फिरली आणि मागच्या फळीला सावरतां आलें नाहीं. पाठलाग अडविण्यासाठीं रान पेटवून देऊन तो नदीपार गेला. तोफा मात्र गेल्या. झांशीच्या तटावरून ही लढाई पाहणाऱ्यांच्या मनाची स्थिति काय झाली असेल, ह्याची कल्पना करवत नाहीं. ग्वाल्हेरांतही तेंच. राज्य हातीं आल्यावर दरबार भरले, भोजनें झालीं, आणि सतरा-अठरा दिवसांतच रोझ दाराशीं येऊन ठेपला. राणी रणांत पडली, ग्वाल्हेर गेलें.

येथपर्यंतचा तात्या हा माणसें जमविणारा परंतु लढाई हरणारा पुढारी आहे. बँक्सच्या पंक्तींत त्याला बसवून इतिहासानें पान उलटलें असतें. परंतु जून १८५८ नंतर तो स्वतःची शक्ति आणि स्वतःची उणीव हीं दोनही ओळखूं लागला असें दिसतें. समोरासमोरची लढाई आपली नव्हे, हें त्यानें जाणलें. सामानसुमान टाकून, घोडीं आणि दाणागोटा वाटेंत मिळवीत, तो राजपुतान्यांतून आणि माळव्यांतून धांवूं लागला. रॉबर्ट्स, होम्स, पार्क, मिचेल अशा एकामागून एक सेनानींच्या तुकड्या त्याच्या पाठीवर होत्या. ऑगस्टांत बनास नदीच्या कांठीं त्याच्या तोफा गेल्या. थोड्याच दिवसांत भरलेली चंबळ ओलांडून तो झालरापाटणास पोंचला, तेथील राजाची फौज त्याला मिळाली आणि सुमारें तीस तोफा नव्यानें हातीं आल्या. सप्टेंबरांत राजगडजवळ त्यांतल्या बहुतेक पुन्हां गेल्या. हरावें, पळावें, आणि पुढच्या मुक्कामीं नवी फौज उभी करावी, असा हा क्रम. आतां पराभवानें तो संपत नव्हता, कारण त्याचें खरें सामर्थ्य तोफांत नव्हतेंच. तें शिंदे, होळकर, झालावाड अशा परक्या फौजांतील शिपायांच्या मनांत होतें. तेथें पेशव्यांच्या नांवाला अजून कांहीं अर्थ उरला होता.

आणि म्हणूनच तो दक्षिणेकडे वळला. नांवाला जर उत्तरेंत एवढा अर्थ आहे, तर तें नांव जेथें जन्मलें तेथें केवढा असेल, हा त्यामागचा विचार उघड आहे. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस होशंगाबाद आणि नरसिंहपूर ह्यांच्या दरम्यान तो रावसाहेबांसह नर्मदा उतरला. बरोबर बांद्याचा नबाब अली बहादूर होता, म्हणजे थोरल्या बाजीरावाचा मस्तानीपासूनचा वंशज. पेशव्यांच्या घराण्याच्या ह्या दोन शाखा पुन्हां एकदां नर्मदेच्या दक्षिणेस आल्या. मुंबई सरकारला त्या बातमीनें किती धास्ती वाटली, हें इंग्रज इतिहासकारांनींच लिहून ठेविलें आहे. मॅलेसनच्या मतें हीच गोष्ट एक वर्ष आधीं घडली असती तर दक्षिणेंतील इंग्रजी सत्तेला मोठा हादरा बसला असता.

एक वर्ष आधीं! श्रोतेहो, ह्या साऱ्या कहाणीची किल्ली ह्या तीन शब्दांत आहे. दक्षिणेंत विस्तव नव्हता असें नाहीं. परंतु तो एके ठिकाणीं पेटून दुसरीकडे पोंचण्यापूर्वींच विझविला गेला होता. साताऱ्यास रंगो बापूजींचा कट १८५७ च्या पावसाळ्यांतच चिरडला गेला. ३१ जुलै १८५७ रोजीं कोल्हापूरची पलटण उठली, ती दडपली गेली. हैदराबादेंत १७ जुलै १८५७ रोजीं रेसिडेन्सीवर हल्ला झाला, तो फसला, आणि सालारजंगानें निजामाचें राज्य इंग्रजांच्या बाजूस ठेविलें. नागपूरचें राज्य १८५४ सालींच खालसा झालें होतें. तेथील घोडदळाचा जून १८५७ चा बेत आधींच फुटला. खानदेशांत कजरसिंग नाईक आणि भीमा नाईक ह्यांच्या भिल्लांचा बंडावा ११ एप्रिल १८५८ च्या अंबापाणीच्या लढाईनें मोडला गेला. नरगुंदचे बाबासाहेब भावे जून १८५८ मध्यें फांसावर गेले. तात्या नर्मदा उतरला तो ऑक्टोबराच्या शेवटीं. तोंवर राखेंत ऊबसुद्धां उरली नव्हती.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे पाहूं. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड कंपनीच्या ताब्यांत दिला होता. कां दिला? हैदराबाद कंटिंजंट नांवाची जी फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतींत होती, तिचा खर्च भागावा म्हणून. म्हणजे येथला शेतकरी जो सारा भरीत होता, त्यांतून ती फौज पोसली जात होती. ह्याच फौजेच्या तुकड्या सर ह्यू रोझबरोबर झांशीच्या मोहिमेंत होत्या. आणि नोव्हेंबर १८५८ मध्यें ह्याच फौजेच्या तुकड्या मेळघाट आणि असीरगड ह्या बाजूंना वाटा रोखून उभ्या राहिल्या. तात्याला दक्षिणेंत येऊं न देणारा पहारा वऱ्हाडच्या कापसाच्या आणि ज्वारीच्या पिकावर उभा होता. ह्यांत त्या शेतकऱ्याचा दोष कांहींच नाहीं. त्याला कोणी विचारलें नव्हतें, तहाच्या वेळींही नाहीं आणि पहाऱ्याच्या वेळींही नाहीं. परंतु परकी सत्ता देशाचाच पैसा आणि देशाचींच माणसें घेऊन देशाचे दरवाजे कशी बंद करूं शकते, ह्याचें याहून स्वच्छ उदाहरण शोधावयास दूर जाण्याची गरज नाहीं.

आणखी एक योगायोग ह्याच वेळचा. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं, म्हणजे तात्या नर्मदा उतरल्याला एक-दोन दिवस होत आहेत तोंच, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा देशभर वाचला गेला. कंपनीचें राज्य संपलें. संस्थानिकांचे हक्क आणि धर्म ह्यांत ढवळाढवळ होणार नाहीं असें अभिवचन मिळालें. इंग्रज प्रजाजनांच्या हत्येंत ज्यांचा प्रत्यक्ष हात नव्हता अशा बंडखोरांस, ते मुदतींत परत आले तर, माफी देण्याचें जाहीर झालें. तोफा करूं शकल्या नव्हत्या तें ह्या कागदानें केलें. तात्याचें शस्त्र होतें मनें वळविण्याचें, आणि तेंच शस्त्र आतां शत्रूनें उचललें. बांद्याचा नबाब त्याच महिन्यांत तात्याला सोडून गेला आणि माफी घेऊन मोकळा झाला. थोरल्या बाजीरावाच्या त्या वंशजाला आपण एकदम दोष देऊं नये. हरलेल्या पक्षाच्या माणसापुढें घरीं परतण्याची वाट उघडी केली म्हणजे किती जण पाठ फिरवून उभे राहतील, हा प्रश्न प्रत्येकानें आपल्या मनास विचारावा.

तात्या उभा राहिला. मुलताईस तो पोंचला, म्हणजे तापीच्या उगमाशीं. नागपूरकडची वाट बंद होती. तेथून तो सातपुड्याच्या रांगांतून पश्चिमेकडे सरकूं लागला. मेळघाटांतून वऱ्हाडांत उतरावें तर पहारा; असीरगडाकडून खानदेशांत उतरावें तर तेथेंही पहारा. मुलताईच्या कुंडांतलें पाणी वाहत वाहत खानदेशांत येतें, वऱ्हाडची पूर्णा त्याला चांगदेवाजवळ मिळते. पाण्याला जी वाट मोकळी होती ती त्याला मोकळी नव्हती. ह्याच दिवसांत केव्हां तरी वऱ्हाडचें मैदान आणि तो ह्यांच्यामध्यें केवळ ह्या डोंगरांची रुंदी उरली असली पाहिजे. वरवट बकालच्या शिवारांत त्या नोव्हेंबरांत नेहमीप्रमाणें कापूस वेंचला जात असेल. डोंगराच्या मागें काय चाललें आहे तें ह्या शेतांत पोंचलें असेल तर अफवेच्या रूपानेंच.

नोव्हेंबराच्या तिसऱ्या आठवड्यांत तो निमाडांत खरगोणास होता. तेथें होळकरांची कांहीं फौज दोन तोफांसह त्याला मिळाली. म्हणजे अशाही स्थितींत त्याची ती जुनी जादू चालत होती! पुढें मुंबई-आग्रा रस्ता ओलांडतांना त्याच्या माणसांनीं व्यापाऱ्यांच्या गाड्या लुटल्या आणि तारा तोडल्या. राजपूरजवळ मेजर सदरलँडनें गांठलें तेव्हां त्या दोन तोफा टाकून तो नर्मदा पुन्हां उत्तरेस ओलांडून गेला. आतां आशा बडोद्याची होती, गायकवाडांच्या फौजेची. परंतु १ डिसेंबर रोजीं छोटा उदेपूर येथें पार्कनें त्याचा पराभव केला आणि तो दरवाजाही बंद झाला. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले, मराठी राज्याचे हे चारी खांब त्यानें एकामागून एक हलवून पाहिले असेंच म्हणावें लागतें. दोन ठिकाणीं शिपाई आले. मालक कोठेंच आले नाहींत.

उरलेली हकीगत थोडक्यांत सांगतों. जानेवारी १८५९ मध्यें शाहजादा फिरोजशहा त्याला येऊन मिळाला. २१ जानेवारीस सीकर येथें होम्सनें शेवटचा घाव घातला. त्यानंतर रावसाहेबांपासून वेगळा होऊन तात्या दोन-चार माणसांनिशीं पारोणच्या रानांत नरवरच्या मानसिंगाच्या आश्रयास गेला. मानसिंगाचें शिंद्यांशीं वैर होतें. पण इंग्रजांनीं त्याच्याशीं बोलणें लाविलें आणि तो वळला. ७ एप्रिल १८५९ च्या रात्रीं झोंपेंत असतां तात्या पकडला गेला. परक्या माणसांचीं मनें जिंकण्यावर ज्याचें सारें सेनापतिपद उभें होतें, त्याचा घात अशा एका मनाच्या वळण्यानेंच झाला. रावसाहेब पुढें पकडले जाऊन १८६२ सालीं कानपुरास फांशीं गेले. नानासाहेब नेपाळच्या तराईंत दिसेनासे झाले.

पकडल्यानंतर तात्यानें दिलेली जबानी उपलब्ध आहे. ज्यानें वीस हजारांचें सैन्य चालविलें, ग्वाल्हेरचें राज्य घेतलें, इंग्रजांच्या अनेक फौजांना दहा महिने दमविलें, त्यानें तींत आपला हुद्दा सांगितला तो नानासाहेबांच्या पदरचा एक सहचर म्हणून. सेनापति हा शब्दसुद्धां त्यानें स्वतःस लाविला नाहीं. काल्पी पडेपर्यंत नानासाहेबांच्या आणि त्यानंतर रावसाहेबांच्या हुकमानें आपण सारें केलें. युरोपियन पुरुष, बायका व मुलें ह्यांच्या हत्येशीं आपला संबंध नाहीं. असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. कानपूरच्या सतीचौरा घाटावर २७ जून १८५७ रोजीं जें भीषण हत्याकांड घडलें, त्यांत तात्याचा हात किती ह्याविषयीं इतिहासकारांत वाद आहे, आणि तो वाद झांकून ठेवण्यांत कोणाचेंच हित नाहीं. परंतु एक गोष्ट लक्षांत घ्यावी. लष्करी न्यायालयापुढें त्याच्यावर जो आरोप ठेविला गेला तो हत्येचा नव्हता. तो होता ब्रिटिश सरकाराविरुद्ध बंड करून युद्ध चालविल्याचा.

आणि ह्या आरोपांतच मुख्य प्रश्न आहे. बंड करावयास आधीं प्रजाजन असावें लागतें. तात्या जन्मला तेव्हां येवलें पेशव्यांच्या राज्यांत होतें. तो वाढला तो पेशव्यांच्या वाड्यांत, अन्न खाल्लें तें पेशव्यांचें. इंग्रजांची नोकरी त्यानें मोडली असें नव्हतें, त्यांचें मीठही त्यानें खाल्लें नव्हतें. मग हें बंड कीं धन्याची चाकरी? मॅलेसनसारख्या इंग्रज इतिहासकारालाही हा प्रश्न टाळतां आला नाहीं. ही शिक्षा पुढच्या पिढ्या न्याय्य मानतील कीं नाहीं ह्याची त्याला शंका वाटली. न्यायालयाला शंका वाटली नाहीं. १८ एप्रिल १८५९ रोजीं सायंकाळीं शिप्री येथें तात्याला फांशीं देण्यांत आलें.

श्रोतेहो, अमेरिकेच्या त्या राजकारणी सेनापतींचा मीं मघां उल्लेख केला. त्यांच्या चुका पोटांत घालावयास त्यांच्यामागें एक सरकार होतें, कारखाने होते, आगगाड्या होत्या. बँक्स हरला तरी त्याला पुढची मोहीम मिळाली आणि युद्धानंतर विधिमंडळांत जागा मिळाली. तात्यामागें नांवापलीकडे कांहीं नव्हतें. पेशवे हें तें नांव, आणि तेंही चाळीस वर्षांपूर्वीं बुडालेल्या राज्याचें. त्या नांवावर त्यानें तीन वेळां फौजा उभ्या केल्या, हा त्याचा पराक्रम. परंतु नांवाच्या स्मरणानें शिपाई येतो. शेतकरी येण्यास उद्यांचें कांहीं तरी दाखवावें लागतें. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला उद्यां काय मिळणार, हें सांगणारा निरोप सातपुडा ओलांडून कधीं आला नाहीं. मला वाटतें, डोंगरांतील पहाऱ्याइतकेंच हेंही तात्याच्या परतण्याचें कारण आहे. आम्ही त्याला हांक दिली नाहीं हें जितकें खरें, तितकेंच त्याच्या हांकेंत आम्हांसाठीं शब्द नव्हते हेंही खरें.

पुढें साठ-सत्तर वर्षांनीं ह्याच मुलखांतील माणसें कायदेभंगासाठीं जंगलांत गेलीं, तुरुंगांत गेलीं, तेव्हां त्यांना गवताविषयीं, मिठाविषयीं, सूताविषयीं कोणी तरी सांगितलेलें होतें. तो फरक लहान नाहीं. तरीही वरवट बकालच्या शिवारांतून उत्तरेकडे पाहतांना मला त्या येवल्याच्या माणसाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. जन्मभूमि डोंगरापलीकडे आणि आपण अलीकडे, अशा स्थितींत त्यानें कांहीं दिवस काढले. आणि मग घोडा पश्चिमेकडे वळविला. माफीचा जाहीरनामा तेव्हां सगळीकडे वाचला जात होता. तो त्याच्याही कानांवर आला असेलच.